शीर सापडत नाही तेव्हा



पाड्यांवरून उपचारासाठी नवी मुंबईत येणाऱ्या रुग्णांबरोबर आपल्यापैकी पुष्कळ जण रुग्णालयात जातात. केसपेपर काढणे, रांग धरणे, डॉक्टरांचे म्हणणे सोपे करून सांगणे ही कामे आता मंडळीतल्या तरुणांच्याही अंगवळणी पडली आहेत. पण एक वेळ अशी येते की सोबतीला गेलेला माणूस हतबल होऊन नुसता पाहत राहतो. सिस्टर रबरी पट्टा बांधतात, कोपराच्या खळगीत बोटाने चाचपतात, सुई घालतात, आत जराशी फिरवतात आणि बाहेर काढतात. मग दुसरा हात. मग मनगट. मग "यांची शीरच सापडत नाही" म्हणून कोणाला तरी हाक मारली जाते. रुग्ण तोंडातून अवाक्षर काढत नाही. पुढच्या तारखेला मात्र तो येत नाही.

अशा रुग्णाविषयी "घाबरट आहे", "या लोकांना उपचाराचे महत्त्व कळत नाही" असे शेरे ऐकू येतात. मला ते पटत नाहीत. विंचू चावला तरी कामावर जाणारी, बाळंत झाल्यावर आठवड्याभरात लाकडाची मोळी उचलणारी माणसे एका सुईला भीत नाहीत. ती भितात पाचव्या सुईला, आणि पुढच्या खेपेला पुन्हा पाच असतील या खात्रीला. उपचार अर्धवट सुटण्याच्या कारणांत गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि भाषा यांच्याबरोबर हेही कारण मी धरते. यातला बराचसा त्रास टाळता येतो. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. सोबतच्या माणसाला चार गोष्टी ठाऊक असल्या की पुष्कळ होते.

कोणाच्या शिरा नाजूक असतात?

शीर ही मऊ, पातळ भिंतीची नळी आहे. हृदयाकडे परत जाणारे रक्त तिच्यातून संथपणे वाहते. शरीरात पाणी कमी झाले की ती चपटी होते, थंडीने आक्रसते, भीतीनेही आक्रसते. वय झाले की कातडी पातळ होते, शिरेभोवतीचा आधार सैल होतो आणि सुईचे टोक लागताच शीर बाजूला सरकते. बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांची शीर टोचताक्षणी फुटते आणि हात काळानिळा होतो. अंगावर चरबी असली तर शीर खोल असते. ती असते, पण दिसत नाही. आणि ज्या शिरेत पुन्हा पुन्हा सुया गेल्या आहेत तिच्या भिंतीवर वण पडतात. ती दोरीसारखी कडक होते आणि तिच्यातून रक्त येत नाही.

हे शेवटचे कारण आपल्या कामात सर्वांत जास्त दिसते, आणि त्याचे मोठे मूळ म्हणजे सिकलसेल. नंदुरबारच्या सातपुड्यातील भिल्ल व पावरा, विदर्भातील गोंड, माडिया, परधान अशा अनेक समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी सातपुड्यातल्या सिकलसेल रुग्णांसाठी अनेक वर्षे काम केले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा असे तिचे उद्दिष्ट आहे. पहिल्या तपासणीला बोटातला रक्ताचा थेंब पुरतो, तिथे शिरेचा प्रश्न येत नाही. तो येतो आजार निघाल्यावर. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणून रक्त कमी होते. विळ्यासारख्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडे-सांधे असह्य दुखतात. अशा वेळी सलाईन, रक्त चढवणे आणि तपासण्या आल्याच. पाचव्या वर्षी ज्या मुलाचा आजार कळला त्याच्या हातात विसाव्या वर्षापर्यंत किती सुया गेल्या असतील याचा अंदाज करा. त्यातून अशा दुखण्याच्या वेळी शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते, म्हणजे शीर ज्या दिवशी सर्वांत जास्त हवी त्याच दिवशी ती सर्वांत चपटी असते.

दुसरा गट कर्करोगाच्या रुग्णांचा. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक असल्यामुळे राज्याच्या कानाकोपऱ्यातून, परराज्यांतूनही रुग्ण आपल्या शहरात येतात आणि महिनोन्‌महिने इथेच राहतात. केमोथेरपीची काही औषधे शिरेच्या आतल्या अस्तराला जाळतात. पहिल्या दोन फेऱ्यांत सहज सापडणारी शीर पाचव्या फेरीला सापडेनाशी होते, ते बहुधा यामुळे. मूत्रपिंडाचे रुग्ण हा तिसरा गट. त्यांच्याबद्दल पुढे वेगळे सांगावे लागेल.

नको असलेली सलाईन

माझे मत स्पष्ट सांगते. आपल्या पाड्यांवर शिरा जितक्या आजाराने खराब होतात तितक्याच नको असलेल्या सलाईनने होतात. "अंगात ताकद नाही, एक बाटली लावा डॉक्टर" ही मागणी वाड्या-वस्त्यांवर तर ऐकू येतेच, शहरातही येते. वीटभट्टीवरून थकून आलेला कातकरी मजूर दिवसाची मजुरी बाजारगावच्या दवाखान्यात देऊन सलाईन लावून घेतो. बाटली पिवळी असली तर अधिक समाधान. पिवळेपणा त्यात घातलेल्या जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनचा असतो.

त्या बाटलीत काय असते ते एकदा पाहू. नेहमीच्या ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. साध्या खारट सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. बाकी सगळे पाणी. एका ज्वारीच्या भाकरीत त्या साखरेच्या बाटलीपेक्षा जास्त शक्ती असते. बाटली संपल्यावर हुशारी वाटते ती पाणी पोटात न जाता थेट रक्तात गेल्यामुळे आणि तासभर आडवे पडायला मिळाल्यामुळे. ज्याला गिळता येते, उलटी होत नाही, शुद्ध आहे, त्याला हेच पाणी तोंडाने देता येते.

याचा पुरावा आपल्याच देशात आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून मोठ्या पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांना पेल्यांनी पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. तेच पाणी आज ओआरएसच्या पुडीत मिळते. एक मोठी पुडी एक लिटर पाण्यात मिसळायची असते. आपल्या आरोग्यसेविका ती पुडी देतात तेव्हा घरातले लोक "फक्त पावडर दिली" म्हणून नाराज होतात. त्यांना हे सांगायला हवे की त्या पावडरीने एक शीर वाचली. ज्या दिवशी खरोखर रक्त चढवावे लागेल, त्या दिवशी ती कामाला येईल.

अर्थात सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदना सुरू झाल्या, ताप आला, धाप लागली, डोळे पिवळे झाले, तर घरी ओआरएस पाजत बसू नये. त्याला रुग्णालयातच न्यावे. बोलणे गरज नसलेल्या सलाईनबद्दल आहे. सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या न चुकता घेणे हादेखील शिरा वाचवण्याचाच मार्ग आहे, कारण वेदनेचे झटके कमी झाले की भरती होणे कमी होते.

आदल्या रात्रीपासून

"उद्या उपाशीपोटी या" असे सांगितले की आपले लोक पाण्याचा थेंबही घेत नाहीत. उपास म्हणजे उपास, तो नीट करायचा हीच त्यांची समजूत. त्यात धडगाव-अक्कलकुव्याकडून रात्रभराचा प्रवास असला तर बायका आदल्या संध्याकाळपासूनच पाणी पीत नाहीत, कारण वाटेत कुठे उतरणार? सकाळी त्या खुर्चीवर बसतात तेव्हा शरीर वाळलेले आणि शिरा चपट्या. रक्ततपासणीच्या उपासाला साधे पाणी बहुतेक वेळा चालते. चहा, दूध, साखर चालत नाही. शस्त्रक्रिया किंवा भूल द्यायची असेल तर मात्र पाण्याचीही वेळ ठरलेली असते, आणि ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी मोजूनच प्यावे. म्हणून तारीख देणाऱ्याला तिथेच विचारून घ्यावे: "पाणी चालेल का, किती वाजेपर्यंत?" हा एक प्रश्न विचारला तर निम्मे काम झाले असे मी समजते.

तपासणीआधी तासभर बिडी, तंबाखू, मिशरी नको. त्याने रक्तवाहिन्या आक्रसतात. आणि हात गरम ठेवावेत. रुग्णालयांतली एसीची थंडी पाड्यावरच्या माणसाला सोसत नाही. शाल, स्वेटर, निदान टॉवेल हातावर गुंडाळून बसवावे. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कपडा कोपरावर चार-पाच मिनिटे ठेवला की शीर वर येते. कपडा आधी आपल्या हातावर लावून पाहावा, कारण मधुमेहाच्या किंवा केमोथेरपीच्या रुग्णाला बधिरपणामुळे चटका कळत नाही. पाण्याची सोय नसेल तर हात खाली लोंबता ठेवावा, तळहात एकमेकांवर चोळावेत, दोन जिने चढून उतरावे.

सैल बाह्यांचे कपडे घालावेत हे सांगायला क्षुल्लक वाटते, पण घट्ट ब्लाउजची बाही वर ओढली की तीच दुसऱ्या पट्ट्यासारखी आवळते. बांगड्या आणि कडे यांचा विचार घरूनच करावा. सलाईन ज्या हातात लागणार त्या हाताला सूज आली तर घट्ट कडे किंवा अंगठी काढणे कठीण होते. बाई बांगड्या उतरवायला तयार नसेल तर वाद घालू नये. कोणत्या हातात सुई चालेल ते तिला विचारावे आणि सिस्टरना सांगावे.

सुई घेणाऱ्याशी काय बोलावे

इथे सोबतच्या माणसाचे खरे काम आहे. रुग्ण बोलत नाही, म्हणून आपण बोलायचे. पण हुकूम सोडायचा नाही. शंभर नमुने घ्यायचे असलेल्या सिस्टरला आपण शिकवायला लागलो तर तिचा हात अधिकच घाईचा होईल. "सिस्टर, यांच्या शिरा नाजूक आहेत. मागच्या वेळी उजव्या कोपरात मिळाली होती. लहान सुईने घेता येईल का?" एवढे नम्रपणे म्हणावे. अनुभवी सिस्टरना ही माहिती हवीच असते.

लहान सुई म्हणजे काय ते समजून घेऊ. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. रक्त घेण्यासाठी बहुधा २१ नंबरची सुई वापरतात. नाजूक शिरेसाठी २३ नंबरची, दोन पंख असलेली बटरफ्लाय सुई असते. सलाईनच्या सुयांना रंग असतात: हिरवी जाड, गुलाबी मध्यम, निळी बारीक, पिवळी त्याहून बारीक, जांभळी सर्वांत बारीक. घाईत रक्त किंवा पाणी चढवायचे असेल तर जाड सुई लागते, तेव्हा हट्ट धरू नये. एरवी निळी किंवा पिवळी चालेल का हे विचारण्यात काही गैर नाही.

शीर दिसण्यापेक्षा बोटाला लागणे महत्त्वाचे. सावळ्या कातडीवर निळी रेष दिसत नाही आणि आपल्या आजीबाईंच्या हातावर तर कोपरापर्यंत गोंदण असते. दाबल्यावर स्प्रिंगसारखी उसळते ती चांगली शीर. कोपराच्या खळगीतली मधली शीर सर्वांत भरवशाची. ती सहसा सरकत नाही. रबरी पट्टा टोचायच्या जागेच्या चार बोटे वर बांधावा आणि एका मिनिटापेक्षा जास्त ठेवू नये. जास्त वेळ ठेवला तर नाजूक शीर फुगून फुटते आणि तपासणीचे आकडेही चुकू शकतात. वृद्धांना पट्टा बाहीवरून बांधतात, किंवा बी.पी.च्या यंत्राचा पट्टा हलका फुगवून काम भागवतात. कधी पट्ट्याशिवायही घेतात. "मूठ उघड, मिट, उघड, मिट" असे पुष्कळदा करून घेतात ते टाळावे. त्याने रक्तातले पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते आणि पुन्हा सुई घ्यायची पाळी येते. मूठ एकदा हलकी मिटून ठेवली की पुरे.

सलाईन लागलेल्या हाताच्या वरच्या भागातून तपासणीचे रक्त घेऊ नये, ते पातळ येते. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूच्या हातात डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई नको. दोन्ही गोष्टी रुग्णाला सांगितलेल्या असतात, पण आयत्या वेळी पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या बाईला त्या मराठीत सांगता येत नाहीत. आपण सांगायच्या.

आणि किती वेळा टोचायचे? एका व्यक्तीने दोनदा प्रयत्न करून जमले नाही तर थांबावे आणि अधिक सराव असलेल्याला बोलवावे, हा प्रशिक्षणात शिकवला जाणारा नियम आहे. तो मागायला संकोच वाटतो, कारण आपल्याला वाटते समोरच्याचा अपमान होईल. "सिस्टर, तुम्ही दमलात, पाच मिनिटे थांबूया का? तोवर मी यांना पाणी पाजतो आणि हात शेकतो" असे म्हटले की कोणाचा अपमान होत नाही. केमोथेरपी किंवा डायलिसिसच्या विभागातल्या सिस्टर, लहान मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर यांचा हात विशेष बसलेला असतो. काही ठिकाणी शीर दाखवणारे दिव्याचे यंत्र किंवा सोनोग्राफीही मिळते.

ज्याला पूर्वी सुई घेताना चक्कर आली आहे त्याने ते आधीच सांगावे आणि आडवे होऊन रक्त द्यावे. सुई जाताना लांब श्वास सोडावा. डोळे मिटून प्रार्थना करायची असेल तर जरूर करावी, पण रुग्णाला हवी असेल तरच. त्याच्या भीतीच्या वेळी आपला आवाज मोठा नको.

पाड्यावरची एक शंका इथेच घेते. "इतक्या बाटल्या रक्त काढले, आता माणूस राहतो का?" तपासणीच्या एका छोट्या नळीत दोन ते पाच मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे चार नळ्या भरल्या तरी फार तर वीस. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर असते. रक्तदानात एका वेळी ३५० मिलिलिटर देतात आणि माणूस चालत घरी जातो. चमच्याने पाणी मोजून दाखवले की हे पटते. मी नेहमी तसेच करते. पण रुग्ण फार लहान किंवा रक्त फार कमी असलेला असेल तर सगळ्या तपासण्या एकाच सुईत करून घेता येतील का, हे डॉक्टरांना विचारणे शहाणपणाचे.

सुई निघाल्यावर

कोपर दुमडून ठेवण्याची सवय सगळ्यांना आहे आणि ती चुकीची आहे. दुमडल्याने आत रक्त साचते. हात सरळ ठेवून कापसाने दोन-तीन मिनिटे नुसते दाबावे, चोळू नये. ज्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी निदान पाच मिनिटे, गरज पडली तर अधिक. त्या हाताने लगेच जड पिशवी उचलू नये. काळेनिळे झाले तर पहिल्या दिवशी थंड, नंतर कोमट शेक असे सांगतात. पण सिकलसेलच्या रुग्णाला बर्फ लावू नये. थंडीने त्याच्या वेदना उसळू शकतात.

सलाईन चालू असताना

सलाईन लागली की सोबतचा माणूस बाहेर चहाला जातो. जावे, पण दर अर्ध्या तासाने हात पाहावा. शक्यतो सुई सांध्यावर नसून कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असावी. तिथे ती जास्त टिकते. जागा सुजली, थंड लागली, पाणी थेंबथेंब पडायचे थांबले, तर सुई शिरेबाहेर आली असण्याची शक्यता असते. जागा लाल, गरम आणि दोरीसारखी कडक झाली तर शिरेला सूज आहे. दोन्ही वेळा सिस्टरना बोलवावे, "बाटली संपू दे मग सांगू" म्हणू नये.

आणि नळीवरचे ते छोटे चाक आपण फिरवू नये. गाडी चुकेल म्हणून नातेवाईक सलाईन भरभर सोडतात, हे मी अनेक वॉर्डांत पाहिले आहे. काही औषधे हळू गेली तरच शीर सहन करते. वेगाने गेली तर शीर जळते आणि हृदयावरही ताण येतो. आग होत असेल तर सांगावे, वेग सिस्टर ठरवतील.

केमोथेरपीत ही सावधगिरी दहापट हवी. डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध किंवा व्हिन्क्रिस्टिन शिरेबाहेर गेले तर कातडी आणि मांस जाळते. "जरा आग होतेय, पण सहन करतो" हा आपल्या लोकांचा सोशिकपणा इथे घातक आहे. पहिली आग होताच हाक मारावी. आपल्या मनाने शेक किंवा बर्फही लावू नये, कारण डॉक्सोरुबिसिनला थंड पट्टी लागते आणि व्हिन्क्रिस्टिनला कोमट. उलटे झाले तर नुकसान वाढते.

मोठ्या शिरेची वाट

पुष्कळ महिने उपचार चालणार असतील तर दर वेळी हातात सुई घालण्याऐवजी मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी बसवता येते. दंडातून घालतात ती पिक लाईन. ती बाहेर दिसते, ती कोरडी ठेवावी लागते आणि साधारण दर आठवड्याला स्वच्छ करून घ्यावी लागते. छातीच्या कातडीखाली बसवतात तो केमोपोर्ट. तो बाहेरून फक्त रुपयाएवढ्या उंचवट्यासारखा लागतो, आंघोळ करता येते, आणि वापर नसताना साधारण महिन्याने औषध घालून साफ करावा लागतो. गावी परत जाणाऱ्या रुग्णाला पोर्ट सोयीचा पडतो, कारण पाड्यावर दर आठवड्याला पिक लाईनची पट्टी कोण बदलणार? पोर्ट महाग आहे हे खरे. रुग्णसहाय्य निधीतून औषधांना मदत करताना पोर्टचाही विचार व्हावा असे मला वाटते. बाहेरून तो चैनीसारखा दिसतो, पण अर्धवट सुटलेल्या केमोथेरपीपेक्षा तो स्वस्तच पडतो. नळी असताना थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मूत्रपिंडाच्या रुग्णांचे गणित वेगळे. त्यांना पुढे डायलिसिस लागले तर हाताच्या शिरेला धमनी जोडून फिस्टुला करतात, आणि त्यासाठी कोपराखालची शीर न टोचलेली हवी. म्हणून क्रिएटिनिन वाढले आहे असे कळले त्या दिवसापासून, ज्या हाताने ते काम करत नाहीत तो हात राखून ठेवावा. रक्त घ्यायचे ते तळहाताच्या मागच्या शिरेतून. पिक लाईनही त्यांना शक्यतो नको.

लहान मुले

मुलाला चार जणांनी दाबून धरणे ही जुनी रीत मला बघवत नाही. आईच्या मांडीवर, तिला बिलगून बसलेले मूल कमी हलते. हात हलू न देण्याचे काम एकाच माणसाने करावे, आणि आईने ते करू नये. तिने नुसते बोलत राहावे. "दुखणार नाही" असे खोटे सांगू नये. "मुंगी चावल्यासारखे होईल, दहा म्हणेपर्यंत संपेल" असे त्याच्या बोलीत सांगावे. त्वचा बधिर करणारे मलम मिळते. ते साधारण तासभर आधी लावावे लागते, म्हणून डॉक्टरांना वेळेवर विचारावे. अंगावर पिणाऱ्या बाळाला सुईच्या वेळी आईने पाजले तर त्याला कमी दुखते.

शेवटी एक काम लगेच करण्याजोगे. आपल्या सोबतीच्या प्रत्येक रुग्णाच्या फाईलच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा आणि दर खेपेला त्यात भर घाला. त्यावर असे लिहावे: शीर कोणत्या हातात, कुठे मिळाली, सुईचा रंग किंवा नंबर, कोणता हात नको आणि का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, चक्कर येते का, सिकलसेल असल्यास "बर्फ नको", मागच्या वेळी किती प्रयत्न लागले, बोली कोणती. नंदुरबारकडच्या दोन कुटुंबांसाठी आम्ही हा कागद केला आहे. आता कर्जत आणि खालापूरच्या वाड्यांतून येणाऱ्या रुग्णांसाठी करत आहोत. कोरे नमुने कार्यालयात ठेवले आहेत. रुग्णाबरोबर निघण्याआधी एक घेऊन जा आणि सोबत पाण्याची भरलेली बाटली असू द्या.